पैनगंगेच्या खोऱ्यातील आदिवासी भाषा आणि शाळा : एक ऐतिहासिक विचार

१

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव पैनगंगेच्या खोऱ्यात मोडते. नदीच्या या बाजूस वऱ्हाड, त्या बाजूस माहूर-किनवटचा डोंगराळ मुलूख. आज दोन्ही काठ महाराष्ट्रात आहेत, परंतु ही स्थिती फार जुनी नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले तेव्हापासून पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा बनली. ज्या पुसद तालुक्यात त्या काळी आजच्या महागावचा प्रदेश येत असे, तो तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो यवतमाळकडे आला. पलीकडचे किनवट व माहूर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या, आणि पुढे हैदराबाद राज्याच्या, आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्याला जोडले गेले.

या सीमा राज्यकर्त्यांनी आखल्या. आंध, कोलाम, गोंड, परधान आणि बंजारा या समाजांची वस्ती मात्र दोन्ही काठांवर पसरलेली आहे. त्यांच्या सोयरिकी, जत्रा आणि भाषा यांनी नदीला कधी सीमा मानले नाही. शाळा ही मात्र राजवटीबरोबर येणारी संस्था आहे. शाळेची भाषा राजवट ठरविते, आणि राजवट बदलली की ती भाषाही बदलते. या खोऱ्यातील आदिवासी मुलाच्या शिक्षणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या बदलत्या शालेय भाषांचा इतिहास आहे. त्या इतिहासातील काही प्रसंगांची छाननी करून आजच्या अभ्यासक्रमविषयक चर्चेला त्यातून काय बोध घेता येईल हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. शासकीय लिखाणात आणि सामान्य व्यवहारातही 'आदिवासी बोली' हा शब्दप्रयोग सरसकट केला जातो. त्यामुळे गोंडी, कोलामी, गोरमाटी या जणू मराठीच्याच ग्रामीण वाणी होत, असा समज नकळत दृढ होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असून परजी, नाइकी आणि गदबा यांच्यासह तिचा एक स्वतंत्र मध्यवर्ती गट होतो. गोंडी हीदेखील द्राविडच, परंतु तिचा गट वेगळा. बंजाऱ्यांची गोरमाटी आर्यकुळातील आहे खरी, तथापि तिचे निकटचे नाते राजस्थानीशी आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात तिचे वर्णन भिल्ली व खानदेशी यांच्याबरोबर १९०७ च्या खंडात आले आहे. याउलट आंध समाजाची घरची भाषा मराठीच आहे. तिला मराठीची बोली म्हणणे शास्त्राला धरून होईल.

म्हणजे फुलसावंगीच्या परिसरात 'आदिवासी मूल' या एका शब्दाखाली निदान तीन भिन्न परिस्थिती एकत्र येतात. एका मुलाची भाषा शाळेच्या भाषेहून कुळानेच वेगळी आहे. दुसऱ्याची भाषा दूरच्या नात्यातली आहे. तिसऱ्याची भाषा तीच आहे, पण त्याचे जग पाठ्यपुस्तकाच्या जगाहून वेगळे आहे. बंजारा समाजाची गणना महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत होत नाही. तो विमुक्त जातींत मोडतो. नदीच्या प्रवाहाने पुढे तेलंगणात गेल्यास तोच समाज अनुसूचित जमात ठरतो. आंधांचेही तसेच झाले. पूर्वीच्या सूचीत यवतमाळ जिल्ह्यापुरती जमातींची मान्यता केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांना होती. पुसदकडील आंधांना ती १९७६ च्या दुरुस्तीने क्षेत्रबंधन उठल्यानंतरच मिळाली. भाषा, जमात आणि शासकीय वर्ग या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतातच असे नाही, हे सूत्र पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावे लागेल.

३

या सूत्राचे एक बोलके उदाहरण पुसद तालुक्यानेच पुरविले आहे. भाषा-सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविड भाषांविषयीचा चौथा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. तो १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्या खंडात, द्राविड भाषांच्या मांडणीत, 'भिल्ली' या नावाची एक भाषा वाशीम जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील म्हणून नोंदलेली आढळते. भिल्ली ही वास्तविक आर्यकुळातील भाषा. मग ती येथे कशी आली? स्थानिक अधिकाऱ्यांनी बोलणाऱ्यांच्या जातिनामावरून भाषेचे नाव कळविले होते. नमुना हाती आल्यावर तो कोलामीशी अत्यंत निकटचा असल्याचे दिसून आले. लोक भिल्ल म्हणविले जात होते आणि बोलत होते द्राविड.

भाषाशास्त्राच्या इतिहासात ही एक लहानशी टीप आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तिचे मोल मोठे आहे. शाळेच्या दाखलपटावर मुलाची जात नोंदविली जाते. त्या जातीवरून त्याची भाषा गृहीत धरली जाते, किंवा तीही गृहीत न धरता 'मराठी' असे लिहिले जाते. पुसद तालुक्यातील त्या नोंदीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले की, नावावरून भाषा ओळखता येत नाही. ती कानांनी ऐकावी लागते.

या भाषा ऐकून त्यांची नोंद करण्याचे काम एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. नागपूरचे धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेली मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोच्या गोंडी गीताची संहिता आणि अनेक भाषांचे शब्दसंग्रह आहेत. वुल्झली हेग यांनी १८९७ साली गोंडी व कोलामी यांचा तौलनिक शब्दसंग्रह बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. परंतु या श्रमांचा वाचक युरोपीय पंडित व अधिकारी हा होता. ज्या मुलांच्या आईबापांच्या तोंडून हे शब्द घेतले, त्यांच्या शाळेपर्यंत त्यांतील एकही शब्द पोहोचला नाही. ज्ञानाची नोंद एका वर्गासाठी आणि शाळा दुसऱ्याच भाषेत, ही फारकत पुढेही टिकून राहिली.

४

ही फारकत मिटविण्याचा या प्रदेशातील पहिला ठोस प्रयत्न पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात झाला. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम व त्यांचे साथी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल यांवरील हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या या गोंड उठावाने निजाम सरकारला आदिवासी प्रश्नाची दखल घेणे भाग पडले. मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांच्याकडे पाहणीचे काम सोपविण्यात आले. त्याच सुमारास डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे हैदराबादच्या महसूल खात्याचे प्रमुख झाले. ग्रिगसन यांनी त्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींची सविस्तर चौकशी केली होती, आणि तिचा अहवाल १९४४ साली नागपूरला प्रसिद्ध झाला. वऱ्हाडात केवळ अहवालापर्यंत पोहोचलेला विचार हैदराबादेत कृतीत उतरला, याचे एक कारण ही एक व्यक्ती होती.

१९४३ साली मारलवाई या गोंड वस्तीत शिक्षक-प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. संस्थानची राजभाषा उर्दू. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील व्यवहाराची भाषा मराठी. आणि मुलांची भाषा गोंडी. अशा स्थितीत योजनेने दोन निर्णय घेतले. पहिला असा की, शिक्षक गोंडांमधूनच निवडावेत, मग त्यांचे प्रारंभिक शिक्षण जुजबी का असेना. दुसरा असा की, पहिले वाचन गोंडीतून व्हावे आणि ती देवनागरीत लिहावी. ज्या गोंडांना थोडेफार लिहिता-वाचता येत होते त्यांना ते मराठीमुळे येत होते. म्हणून देवनागरीची निवड सोयीची होती. गोंडी ही पहिली पायरी होती. तिच्यावरून पुढील भाषांकडे जावयाचे होते.

या कार्याशी निगडित असलेले एक नाव मराठी वाचकाला निराळ्या कारणाने परिचित आहे. शिवकालाचे व मोगल-मराठा संबंधांचे संशोधक सेतुमाधवराव पगडी हे त्या काळी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या आदिवासी भागात त्यांनी काम केले. गोंडी वाचनपुस्तके सिद्ध करण्यात त्यांचा वाटा होता. त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५० साली व गोंडीचे १९५४ साली प्रसिद्ध झाले. फार्सी कागदपत्रांचे भाषांतरकार म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. परंतु मराठी मुलुखाच्या कडेवर बोलल्या जाणाऱ्या दोन द्राविड भाषांचा हा पहिल्या पिढीतील व्याकरणकार होता, हे आपल्या विभागांतून क्वचितच सांगितले जाते.

मारलवाईच्या योजनेचे पुढे काय झाले? ती मुलांच्या असमर्थतेमुळे किंवा पालकांच्या विरोधामुळे थांबली, असे म्हणण्यास आधार नाही. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली त्याचे तीन भाषिक राज्यांत विभाजन झाले. आदिलाबादचा मोठा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि तेथील शाळेची भाषा तेलुगू झाली. गोंडी-देवनागरी-मराठी ही शिडी ज्या भिंतीला टेकली होती ती भिंतच हलविण्यात आली. मराठी येणाऱ्या गोंड शिक्षकाचे भांडवल एका आदेशासरशी निरुपयोगी ठरले. किनवट-माहूरकडे, जेथे शिडीची वरची टोके अजूनही जुळत होती, तेथे ती महाराष्ट्राकडे आली. पण खालची पायरी, म्हणजे गोंडी, कोणी पुढे चालविली नाही. एका काठावर वरची पायरी गेली, दुसऱ्या काठावर खालची.

५

यातील विरोधाभास नीट पाहण्याजोगा आहे. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व असे की, लोकांचा कारभार व शिक्षण त्यांच्या भाषेत चालावे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा तो नैतिक पाया होता. हे तत्त्व वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेने १९३७ सालीच मान्य केले होते. नयी तालीमच्या योजनेत मातृभाषा हेच माध्यम ठरले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो त्याच वर्धा जिल्ह्यातील कोलामांकडून कोलामीची सामग्री गोळा करीत होते. त्यांचा ग्रंथ १९५५ साली निघाला. मातृभाषेचा ठराव आणि एका मातृभाषेचे शास्त्रीय वर्णन एकाच जिल्ह्यात, एकाच काळात सिद्ध होत असताना त्यांची गाठ पडली नाही. 'मातृभाषा' म्हणजे प्रांताची मुख्य भाषा, असा अर्थ सर्वांनी न बोलता स्वीकारला होता.

घटनाकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. राज्यपुनर्रचना ज्या सातव्या घटनादुरुस्तीने अमलात आली, त्याच दुरुस्तीने १९५६ साली ३५०-क हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकविण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. पुढे १९५८ साली भारताने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९५७ चा आदिम जमातींविषयीचा करार मान्य केला. त्यातही मातृभाषेतून, आणि ते शक्य नसल्यास जमातीच्या सर्वाधिक वापरातील भाषेतून शिक्षणाची तरतूद होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने 'शक्य असेल तेथवर' मातृभाषेचे माध्यम सांगितले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला. तत्त्वाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती शिक्षकाची, पुस्तकाची आणि दोन पायऱ्यांमधील निश्चित अंतराची.

विचाराच्या पातळीवरील वादही येथे नमूद केला पाहिजे. १९४३ साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हणून त्यांच्या समरसतेचा पक्ष मांडला. व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्या संस्कृतीच्या संरक्षणाचा. शिक्षणावर पुढे प्रभाव पडला तो मुख्यतः पहिल्या पक्षाचा, आणि त्याचे दृश्य रूप म्हणजे आश्रमशाळा. आश्रमशाळांनी दुर्गम पाड्यांवरील हजारो मुलांना अन्न, निवारा आणि अक्षर दिले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु घरापासून दूर, एका भाषेच्या वसतिगृहात मूल वाढविण्याच्या पद्धतीत घरची भाषा गळून पडण्याचा धोका अंगभूतच असतो. कॅनडातील निवासी शाळांची कथा याहून पुष्कळ क्रूर होती, आणि दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तथापि, तेथील शासनाने २००८ साली संसदेत त्या शाळांबद्दल क्षमा मागितली, आणि न्यूझीलंडमधील माओरींनी १९८२ पासून आजी-आजोबांच्या हाती बालशाळा सोपवून आपली भाषा नव्या पिढीकडे नेली, या दोन घटना आपल्याही विचाराला उपयोगी आहेत. महाराष्ट्रातही घर आणि शाळा यांतील अंतर कमी करणारी परंपरा आहेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली कार्य सुरू केले व ते १९५७ साली कोसबाडला नेले. वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढून त्यांनी शाळाच मुलाच्या दारी नेली.

६

आता भाषेच्या अंतरंगातील एक-दोन उदाहरणे घेऊ, म्हणजे वर्गातील अडचण नेमकी कोठे आहे हे स्पष्ट होईल. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे. कोलामीत एकवचनी सर्वनामांचे दोनच वर्ग : पुरुषवाचक आणि इतर सर्व. 'ती' आणि 'ते' यांसाठी एकच शब्द. कोलाम मूल मराठीत लिंगाची चूक करते तेव्हा ते निष्काळजी नसते. ते आपल्या भाषेच्या व्याकरणाशी प्रामाणिक असते. उलट संख्येच्या बाबतीत कोलामी अधिक सूक्ष्म आहे. दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि दोन वस्तू यांसाठी तिच्यात इद्दर, ईरल आणि इंदिंग असे तीन वेगळे शब्द आहेत. पहिलीच्या गणिताच्या तासाला 'दोन' हा एकच शब्द सर्वत्र लावणे हे या मुलाला भाषेचे दारिद्र्य वाटले तर नवल नाही.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकमेकींना हात देतात. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा भेद मराठीत आहे, तसाच कोलामीतही आहे. हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाला जो भेद समजावताना सायास पडतील, तो कोलाम मूल घरून घेऊन येते. शिक्षकाला हे माहीत असेल तर पहिला पाठ तेथूनच सुरू करता येईल. लिपीचाही प्रश्न असाच आहे. गोंडी व कोलामी यांत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांचा भेद अर्थभेदक आहे. मराठीच्या देवनागरीत त्यासाठी वेगळी चिन्हे नाहीत. कोलामीत 'एल्ला' म्हणजे घर; त्यातील ऱ्हस्व 'ए' दाखविण्यास आपल्या लिपीत जागा नाही. हा दोष किरकोळ खुणेने दूर होण्याजोगा आहे. मात्र तो आहे हे जाणणारा शिक्षक हवा.

आंध मुलाची गोष्ट वेगळी. त्याला माध्यमाची अडचण नाही, म्हणून भाषेवर आधारलेली कोणतीही योजना त्याला वगळते. त्याच्यासाठी प्रश्न आशयाचा आहे : त्याच्या पूर्वजांचा इतिहास, जंगल आणि शेती यांचे त्याच्या घरचे ज्ञान, त्याच्या सणांचे व कुळांचे अर्थ पाठ्यपुस्तकात आहेत की नाहीत? बंजारा मुलाला भाषा आणि आशय दोन्हींची गरज आहे, परंतु जमातींच्या सूचीत नाव नसल्याने आदिवासींसाठी आखलेल्या योजनांच्या कक्षेत तो येत नाही. आणि आशय म्हणजे केवळ संमेलनातील दंडारनृत्य किंवा लेंगीगीत नव्हे. वर्षातून एकदा वेशभूषा करून नाचविलेली संस्कृती शोभेची होते. कोलामांच्या पोडावर निर्णय कसे घेतले जातात, नाईकाचा अधिकार कोठवर चालतो, भीमायकाची पूजा शेतीच्या कोणत्या टप्प्याशी जोडलेली आहे, हे नागरिकशास्त्राचे व भूगोलाचे विषय आहेत.

७

२०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते, गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख. या आकड्यांवरून समाधान मानणे किंवा निराश होणे दोन्ही घाईचे ठरेल. भाषा किती लोक सांगतात यापेक्षा ती किती मुले बोलतात हे महत्त्वाचे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न शिक्षणहक्क कायद्याच्याच कसोटीवर उभा राहिला. मातृभाषेचा पुरस्कार करणारा कायदा मातृभाषेच्या शाळेला अडसर ठरू शकतो, हे त्या प्रसंगाने दाखविले.

वरील इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला : मुलाची भाषा जातीच्या नावावरून ठरवू नये, पुसदच्या 'भिल्ली'चा तोच धडा आहे. दुसरा : मातृभाषेची पहिली पायरी तेव्हाच टिकते, जेव्हा तिच्या पुढच्या पायऱ्या राज्यकर्त्यांच्या सोयीनुसार बदलल्या जात नाहीत, मारलवाईचा तोच धडा आहे. तिसरा : भाषा आणि आशय हे दोन प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही, आंध आणि बंजारा मुलांचा तोच धडा आहे.

विभागापुरते बोलायचे तर यातील पहिले काम आपल्या आवाक्यातले आहे. फुलसावंगी आणि भोवतालच्या गावांतील शाळांत पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची घरची भाषा प्रत्यक्ष ऐकून नोंदविणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला दोन सत्रांत करता येण्याजोगे काम आहे. घरी आजी कोणती भाषा बोलते, आई कोणती, आणि मूल खेळताना कोणती, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेत. १९०६ च्या खंडात पुसद तालुक्याच्या नावाखाली जी भाषा नोंदली गेली, तिचे बोलणारे आज या परिसरात कोठे आहेत आणि त्यांची नातवंडे शाळेत काय बोलतात, हे त्याच पाहणीतून कळू शकेल. अभ्यासक्रम कोणता असावा याची चर्चा त्या नोंदीनंतर करणे अधिक फलदायी होईल.